थ्रॉटलिंग (आभासी यंत्रांच्या डिस्कचे व फाइल-वाटपाचे)

थ्रॉटलिंग : एकाच यजमान संगणकावर चालणाऱ्या आभासी यंत्रांपैकी (व्हर्च्युअल मशीनपैकी, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकांपैकी) प्रत्येकाने डिस्कवर किंवा सामायिक फोल्डरवर दर सेकंदाला किती वाचन-लेखन करावे, यावर घातलेली मर्यादा. थ्रॉटल म्हणजे मुळात इंजिनातील वाफ कमीजास्त करणारी झडप. मर्यादा दोन मापांत सांगतात : बाइट प्रतिसेकंद आणि विनंत्या प्रतिसेकंद (आयऑप्स). एका मापाने भागत नाही. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी चकती विखुरलेल्या विनंत्या सेकंदाला शंभराच्या आसपासच पुऱ्या करते. प्रत्येक विनंती ४ केबीची धरली, तर एवढ्या खटाटोपात जेमतेम ४०० केबी हलतात. डिस्क पुरती अडकलेली, आणि बाइटचा आकडा मात्र नगण्य.

आयबीएमच्या मेनफ्रेमवर (मोठ्या मध्यवर्ती संगणकांवर) आभासी यंत्रे चालवणाऱ्या झेड/व्हीएम प्रणालीत ‘सेट थ्रॉटल’ ही आज्ञा आहे आणि त्या प्रणालीची परंपरा १९७२ च्या व्हीएम/३७० पर्यंत मागे जाते. त्यावरून ही कल्पना मेनफ्रेमच्या घरातली म्हणता येईल. मात्र ती आज्ञा पाहुण्या यंत्रांकडून (यजमानावर चालणाऱ्या आभासी यंत्रांकडून) खऱ्या उपकरणांवर येणाऱ्या विनंत्यांचा दर बांधते. एकेका यंत्राच्या आभासी डिस्कला वेगळे माप लावत नाही. प्रस्तुत नोंदीतील अर्थ साधारणपणे २०१० नंतरच्या दोन-तीन वर्षांत रूढ झाला, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. लिनक्स कर्नेलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) २.६.३७ या आवृत्तीत (२०११) सीग्रुपमार्फत, म्हणजे प्रक्रियांचे गट करून त्यांच्या साधनवापराला आवर घालणाऱ्या सोयीमार्फत, उपकरणवार मर्यादा आली, क्यूएमू या आभासी यंत्रे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय २०११-१२ च्या सुमारास, तर मायक्रोसॉफ्टच्या तशाच हायपर-व्हीत विंडोज सर्व्हर २०१२ आर२ पासून.

अंमलबजावणीचे गणित दूरसंचारातून उसने घेतलेले आहे. ‘गळकी बादली’ हे रूपक सहसा जोनाथन टर्नर यांच्या १९८६ च्या लेखाकडे नेले जाते. पुढे त्याचे दोन अर्थ झाले. पाठ्यपुस्तकांतून पसरलेल्या अर्थात बादली ही रांगच असते : विनंत्या तिच्यात साचतात आणि तळाच्या भोकातून ठरावीक वेगानेच बाहेर पडतात, त्यामुळे उसळीला (थोड्या वेळापुरत्या जादा वेगाला) वावच उरत नाही. टर्नर यांची बादली म्हणजे केवळ मोजणी. प्रत्येक विनंतीगणिक पातळी चढते, काळानुसार उतरते, आणि काठापर्यंत पोचली की नवी विनंती थांबते. हा दुसरा अर्थ घेतला, तर ‘टोकन बादली’ (तिच्यात ठरावीक वेगाने टोकन जमा होतात आणि प्रत्येक विनंती एक टोकन खर्चते) हे त्याचेच आरशातले प्रतिबिंब ठरते. एकीत शिल्लक मोजतात, दुसरीत खर्च. दोन्ही पद्धती परस्परविरोधी असल्याचे विधान अनेकदा आढळते, ते पहिल्या अर्थापुरतेच खरे. आभासी यंत्रांच्या संदर्भात दुसरा अर्थच उपयोगी पडतो.

क्यूएमूत तो स्पष्ट दिसतो. मूळ दर २०० आयऑप्स आणि उसळीचा दर १,५०० आयऑप्स ४० सेकंदांसाठी दिला, तर बादलीची धारणा (क्षमता) ६०,००० विनंत्यांची होते. भरतानाही ती गळत असल्यामुळे काठ गाठायला प्रत्यक्षात सुमारे ४६ सेकंद लागतात, आणि भरलेली बादली पूर्ण रिकामी व्हायला ३०० सेकंद. उसळी मुळीच दिली नसली, तरी दराच्या दहाव्या हिश्शाएवढी धारणा प्रणाली स्वतःहून धरते. नाहीतर जवळपास प्रत्येक दुसरी विनंती अडली असती. ॲमेझॉनच्या ईबीएस या भाड्याच्या डिस्क-सेवेतील जीपी२ डिस्क हेच उलट्या बाजूने करते : आरंभी ५४ लाख विनंत्या जमा, म्हणजे नवी भर सोडली तर ३,००० आयऑप्स अर्धा तास.

विनंती कशाला म्हणायचे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो, तसा तो नाही. केवळ संख्या मोजली, तर पाहुणे यंत्र लहान विनंत्या जोडून मोठ्या करते आणि मर्यादेतून सहज निसटते. म्हणून हायपर-व्ही ८ केबीला एक विनंती धरते. क्यूएमूत हे माप प्रशासक ठरवतो.

मर्यादा कोणत्या थरावर घालायची, यावरही परिणाम अवलंबून असतो. सीग्रुपच्या पहिल्या आवृत्तीत कॅशमधून (आधी स्मृतीत ठेवून मागाहून) होणारे लेखन कर्नेलच्या धाग्यांच्या (त्याच्या स्वतःच्या अंतर्गत कामांच्या) खाती पडत असे, त्यामुळे ते मर्यादेबाहेर राही. दुसऱ्या आवृत्तीत, ठरावीक फाइल प्रणालींपुरता, हा दोष दूर झाला. आभासी डिस्कची फाइल एनएफएसवर (नेटवर्कवरून वाटलेल्या फाइल प्रणालीवर) असेल तर ब्लॉक उपकरणांसाठीचा (डिस्कसारख्या, ठरावीक आकाराच्या तुकड्यांत वाचल्या जाणाऱ्या उपकरणांसाठीचा) सीग्रुप निरुपयोगी, कारण तेथे ब्लॉक उपकरणच नसते. हायपरव्हायजरमधील (आभासी यंत्रे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधील) बादली मात्र तेथेही चालते.

फाइल-वाटपाकडे लक्ष उशिरा गेले. यजमानाचे फोल्डर पाहुण्याला देताना क्यूएमू बेल लॅब्जमधील प्लॅन नाइन या प्रणालीचा नाइन-पी हा संकेत (प्रोटोकॉल) वापरतो. त्यावर मर्यादा २०१७ च्या सुमारास आली. बादलीचा कोड डिस्कचाच, आणि ती ‘लोकल’ चालकापुरती (यजमानाच्या फोल्डरला थेट हात घालणाऱ्या भागापुरती) आहे. मोजले जाते ते वाचन व लेखन. फाइल उघडणे किंवा यादी मागवणे मोजणीत येत नाही, त्यामुळे हजारो चिमुकल्या फाइलींचे झाड धुंडाळणारा पाहुणा मर्यादेत राहूनही डिस्क दमवू शकतो. व्हर्टिओ-एफएस या फोल्डर-वाटपाच्या दुसऱ्या पद्धतीचे काम व्हर्टिओएफएसडी ही स्वतंत्र प्रक्रिया करते. तिला आवर घालायचा तर यजमानाच्या सीग्रुपनेच. एसएमबी या विंडोजच्या फाइल-वाटप संकेतापुरते विंडोज सर्व्हर २०१२ आर२ मध्ये तीन वर्ग केलेले आहेत : सर्वसाधारण, आभासी यंत्र आणि चालू यंत्राचे स्थलांतर. मर्यादा वर्गाला लागते, यंत्राला नाही.

वरची मर्यादा म्हणजे किमान हमी नव्हे. शेजारी मोकळा असला तरी थ्रॉटल केलेले यंत्र संथच राहते. व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर ४.१ मधील (२०१०) स्टोरेज आयओ कंट्रोल विलंब वाढला की यंत्रांना नेमून दिलेल्या हिश्शाच्या प्रमाणात वाटप करतो. तर गुलाटी, मर्चंट व व्हर्मन यांनी त्याच वर्षी मांडलेली एमक्लॉक पद्धत हमी, मर्यादा आणि हिस्सा तिन्ही एकत्र हाताळते.