हाफ डोमचं परमिट: अर्ज कधी, कसा आणि कुणाच्या नावावर

हाफ डोम म्हणजे कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी नॅशनल पार्कमधला ग्रॅनाइटचा घुमट. त्याच्या चढाईचं परमिट लॉटरीने मिळतं. मागच्या वर्षी त्यासाठी आम्ही चौघांनी मोठ्या हुशारीने चार अर्ज भरले. प्रत्येक जण स्वतःच्या अर्जात ट्रिप लीडर, म्हणजे परमिट ज्याच्या नावावर तो, आणि दुसऱ्याच्या अर्जात पर्यायी लीडर. चारही बाद! तेव्हा आधी हाच नियम: मुख्य लॉटरीत एका माणसाचं नाव, लीडर म्हणून असो वा पर्यायी म्हणून, एकदाच टाकायचं. दुसऱ्यांदा दिसलं की सगळे अर्ज रद्द.

या घुमटावर केबल धरून चढायचं तर सबडोमच्या, म्हणजे मुख्य घुमटाआधीच्या छोट्या घुमटाच्या, पायथ्यापासून पुढे प्रत्येकाला परमिट लागतं. दिवसाला जास्तीत जास्त ३०० जण, त्यातले साधारण २२५ एका दिवसात जाऊन येणारे. नागरिकत्वाची अट नाही, त्यामुळे पुण्याहून सुट्टीला आलेला भाऊही चालतो. रानात मुक्काम करणाऱ्यांचं परमिट वेगळं.

मुख्य लॉटरी १ ते ३१ मार्च, रिक्रिएशन डॉट गव्ह या वेबसाइटवर. एका अर्जात ६ जण आणि ७ तारखा देता येतात. शनिवार-रविवारच्या मागे सगळेच असतात. जमलं तर मधले वार टाका. निकाल एप्रिलच्या मध्यावर ईमेलने येतो. अर्जाचे १० डॉलर गेले ते गेले. नंबर लागला तर माणशी आणखी १०. पार्कचं प्रवेश शुल्क निराळं.

मार्च हुकला तर रोजची लॉटरी आहे. चढाईच्या दोन दिवस आधी, म्हणजे शनिवारसाठी गुरुवारी, मध्यरात्रीपासून दुपारी ४ पर्यंत अर्ज करायचा. ही वेळ कॅलिफोर्नियाची. भारतातून कुणी भरणार असेल तर दुपारी साडेबारा ते पहाटे साडेचार.

कागदपत्रं दोनच: परमिट आणि लीडरचं किंवा पर्यायी लीडरचं फोटो असलेलं ओळखपत्र. त्या दोघांपैकी एक जण सोबत हवाच. परमिट दुसऱ्याला देता येत नाही. आदल्या दिवशीच फोनमध्ये उतरवून घ्या, रेंजच्या भरवशावर राहू नका. विनापरमिट सापडलात तर ५,००० डॉलरपर्यंत दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

हातमोजे कुणी मागत नाही, पण घ्याच. शेवटच्या ४०० फुटांत दोन्ही हातांना पोलादी केबल, पायाखाली अंतराअंतरावर लाकडी फळ्या आणि मधला दगड बुटांनी घासून गुळगुळीत झालेला. सह्याद्रीतल्या कातळावर खोबणीत बोटं रुततात, तसं इथे काही नाही. ओला असेल तर पायच ठरत नाही. ढग दिसले तर परमिट खिशात ठेवून सबडोमवरूनच मागे फिरा.