'डिलीट' आणि 'फ्री अप स्पेस': सी ड्राइव्ह भरल्यावर नेमकं काय दाबायचं

सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली की एक सल्ला हमखास मिळतो: 'वनड्राइव्हवर आहेच की सगळं, लॅपटॉपवरून डिलीट मार.' (वनड्राइव्ह म्हणजे फाइल्स इंटरनेटवर ठेवायची मायक्रोसॉफ्टची सोय.) काही दिवसांनी वनड्राइव्हची फुकटची 5 जीबी भरते, तेव्हा त्याच तोंडून उलटा सल्ला येतो: 'वेबसाइटवर जा, तिथलं उडव, लॅपटॉपवर तर आहेच.' दोन्ही सल्ले सारखेच घातक. लग्नाचे व्हिडिओ, कॉलेजचा प्रोजेक्ट, तीन वर्षांची बिलं दोन्हीकडून जातात आणि वर 'वनड्राइव्हनं फाइल्स खाल्ल्या' अशी बोंब. त्यानं काही खाल्लेलं नसतं. सांगितलं तेवढंच केलेलं असतं.

साधं डिलीट सगळ्यांना येतं, त्यावर वेळ घालवत नाही. फाइल रिसायकल बिनमध्ये जाते, बिन रिकामा केल्याशिवाय जागा सुटत नाही, आणि शिफ्ट दाबून डिलीट केलं तर बिनमध्येही जात नाही. डेस्कटॉपवरचा शॉर्टकट उडवला म्हणजे प्रोग्राम निघाला असं होत नाही, हेही आता पोराटोरांना माहीत आहे. 512 जीबीचा एसएसडी विंडोज 476 दाखवतं तेव्हा दुकानदारानं फसवलेलं नसतं, कंपनी आणि विंडोज मोजणी वेगळी करतात इतकंच.

घोळ होतो तो पुढे. वनड्राइव्हच्या फोल्डरमधलं डिलीट हे साधं डिलीट नाही. ते फोल्डर आणि क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरची वनड्राइव्हची जागा, यांचं कायम जुळवून घेणं चालू असतं. इथे फाइल गेली की तिथूनही जाते, आणि त्या खात्याला जोडलेल्या प्रत्येक यंत्रावरून जाते. तिथून उडवली की इथली जाते. याला सिंक म्हणतात. विंडोजच्या सेटिंगमध्ये याच गोष्टीवर 'बॅकअप' अशी पाटी लावलेली आहे, आणि निम्मा गोंधळ त्या पाटीनं घातला आहे. ज्या बॅकअपमधली प्रत मूळ फाइलसोबतच नाहीशी होते, त्याला बॅकअप म्हणणं मला पटत नाही.

'पण मी वनड्राइव्ह वापरतच नाही' म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट तपासावी. डेस्कटॉपवरच्या कुठल्याही फाइलवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा आणि 'लोकेशन'ची ओळ वाचा. वाटेत 'वनड्राइव्ह' हे नाव दिसलं, तर तुमचा डेस्कटॉप वनड्राइव्हच्या पोटात आहे. बहुधा डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्सही तिथेच असतील. नवा लॅपटॉप सुरू करताना 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत गेलं की हे अनेकदा चालू होऊन बसतं.

आता 'फ्री अप स्पेस'. वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये फाइलवर राइट क्लिक केलं की हा पर्याय दिसतो. 2017 च्या फॉल क्रिएटर्स अपडेटपासून ही सोय विंडोजमध्ये आहे. यानं फाइल क्लाउडवर तशीच राहते आणि लॅपटॉपवरचा मजकूर तेवढा काढला जातो. नाव, चिन्ह, तारीख सगळं जागच्या जागी दिसतं. उघडायला गेलात की नेटवरून फाइल खाली उतरते.

डोळ्यांनी खात्री करायची तर एखाद्या मोठ्या व्हिडिओची 'प्रॉपर्टीज' उघडा. तिथे दोन ओळी असतात: 'साइझ' आणि 'साइझ ऑन डिस्क'. फाइल लॅपटॉपवर असताना दोन्हीकडे जवळजवळ तोच आकडा असतो, समजा 2.4 जीबी. 'फ्री अप स्पेस' दाबा आणि परत बघा. वरची ओळ 2.4 जीबीवर कायम, खालची शून्य बाइट्स. तुमच्या सी ड्राइव्हला मतलब फक्त खालच्या ओळीशी. 'फोल्डर तर 60 जीबीचा दिसतोय, मग जागा कुठे झाली' हा प्रश्न वरची ओळ वाचणाऱ्यांचा असतो.

'स्टेटस'च्या रकान्यातली चिन्हं एकदा नीट ओळखून ठेवा. निळा ढग म्हणजे फाइल फक्त क्लाउडवर. हिरव्या कडेच्या पांढऱ्या गोलात टिक म्हणजे लॅपटॉपवरही आहे, पण 'फ्री अप स्पेस'नं तिथून काढता येईल. भरीव हिरव्या गोलात पांढरी टिक म्हणजे तुम्ही 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' सांगितलेलं आहे. निळे गोल फिरणारे बाण म्हणजे अजून चढवणं चालू आहे. बाण दिसत असताना 'फ्री अप स्पेस'नं जागा होत नाही, कारण वर पोचलेलीच नाही ती फाइल खालून काढणार कशी? आधी चढू द्या.

लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथे: निळा ढग दिसला की त्यांना वाटतं ही नुसती सावली आहे, खरी फाइल वर सुरक्षित आहे, मग ही सावली डिलीट करून डेस्कटॉप साफ करायला काय हरकत आहे? हरकत हीच की ढगवाल्या फाइलवर डिलीट दाबलं की क्लाउडवरची एकुलती एक प्रत जाते. शिवाय अशी फाइल लॅपटॉपच्या रिसायकल बिनमध्ये येत नाही, कारण बिनमध्ये टाकायला लॅपटॉपवर काही नव्हतंच. बदल्यात जागा किती मिळाली? शून्य बाइट्स. जागा हवी म्हणून ढगवाल्या फाइल्स डिलीट करण्यासारखा बिनफायद्याचा उद्योग दुसरा नाही.

तेव्हा 'भरलं' अशी सूचना आली की आधी काय भरलंय ते वाचा. लॅपटॉपचा सी ड्राइव्ह भरला असेल तर इलाज 'फ्री अप स्पेस'. त्यानं वनड्राइव्हच्या 5 जीबीमधली एक केबीसुद्धा कमी होत नाही. वनड्राइव्हचा कोटा भरला असेल तर 'फ्री अप स्पेस' कितीही दाबा, उपयोग नाही. तिथे फाइल खरोखर काढावी लागते, नाहीतर जास्तीची जागा विकत घ्यावी लागते. आणि काढायची तर आधी ती सिंकबाहेरच्या जागी कॉपी करून. फोनमधल्या गुगल फोटोजचं 'फ्री अप स्पेस'ही याच जातीचं: फोन रिकामा होतो, गुगलची 15 जीबी आहे तशीच भरलेली राहते. गुगल ड्राइव्हमध्ये तर ट्रॅश रिकामा करेपर्यंत कोटाही सुटत नाही.

कट-पेस्टही डिलीटचाच भाऊ. वनड्राइव्हच्या फोल्डरमधून डी ड्राइव्हवर किंवा पेन ड्राइव्हवर कट-पेस्ट केलं की क्लाउडच्या हिशेबी ती फाइल गेली. ऑफिसच्या सामायिक फोल्डरमधून कुणी असं 'आवरून' ठेवलं की बाकीच्यांचं काम थांबतं. कॉपी करा, नवी प्रत उघडून बघा, मग काय ते ठरवा.

गेलेलं परत मिळतं, पण लवकर हातपाय हलवले तर. वनड्राइव्हच्या वेबसाइटवर लॉगिन करा. तिथे वेगळा रिसायकल बिन आहे, लॅपटॉपवरचा नव्हे. वैयक्तिक खात्यात फाइल तिथे 30 दिवस राहते, ऑफिस किंवा कॉलेजच्या खात्यात साधारण 93 दिवस. निवडा, 'रिस्टोअर' दाबा. वैयक्तिक खात्याचा बिनच भरलेला असेल तर जुन्या फाइल्स तीन दिवसांतही जाऊ शकतात, म्हणून 'रविवारी निवांत बघू' असं करू नका. रिकव्हरी सॉफ्टवेअर विकत घ्यायला तर अजिबात धावू नका. ढगवाली फाइल डिस्कवर नव्हतीच, ते सॉफ्टवेअर शोधणार काय?

'फ्री अप स्पेस' सरसकट सगळ्यावर मारणंही चूकच. नेट नसेल तर ढगवाली फाइल उघडत नाही. कसारा घाटात गाडीत बसून प्रेझेंटेशन शेवटचं चाळायचं असेल, तर ते फोल्डर घरूनच 'ऑलवेज कीप'वर टाका. टॅलीचा डेटा आणि आउटलुकची पीएसटी फाइल (जिच्यात मेल साठतात ती) मी तर वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवूच देणार नाही. ज्या फाइलमध्ये प्रोग्राम दिवसभर लिहीत असतो, तिचं सिंकशी कधी पटत नाही. दुसरं म्हणजे, ढगवाली फाइल एकदा उघडली की ती लॅपटॉपवर मुक्कामाला येते आणि जागा पुन्हा भरते. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, स्टोरेज, मग 'स्टोरेज सेन्स' असं गेलात की इतके दिवस न उघडलेल्या फाइल्स परत ढगावर पाठवायचं ठरवता येतं. 1, 14, 30, 60 दिवस असे पर्याय आहेत. मी 30 ठेवीन. 'ऑलवेज कीप'वाल्या फाइल्सना ते हात लावत नाही. त्याच स्टोरेजच्या पानावर 'टेम्पररी फाइल्स' साफ करताना 'डाउनलोड्स'पुढे टिक नाही ना, तेवढं बघा. ते टेम्पररी वगैरे काही नाही, तुमचंच फोल्डर आहे.

गुगल ड्राइव्हच्या संगणकावरच्या ॲपमध्ये फरक तोच, नावं वेगळी. 'मिरर' निवडलं असेल तर सगळं डिस्कवर उतरतं आणि जागा करायला काही वाव राहत नाही, 'स्ट्रीम' ठेवा. मॅकवर आयक्लाउड ड्राइव्हमध्ये 'रिमूव्ह डाउनलोड' म्हणजे जागा करणं, ट्रॅशमध्ये टाकणं म्हणजे सगळीकडून काढणं.

वनड्राइव्हचा कंटाळा आला म्हणून 'अनलिंक धिस पीसी' करणार असाल, तर आधी निळे ढग मोजा. लॅपटॉपवर उतरलेल्या फाइल्स राहतात, ढगवाल्या लॅपटॉपवरून दिसेनाशा होतात. त्या क्लाउडवर असतात, पण खात्याचा पासवर्ड आठवत नसेल तर तुमच्या लेखी नसल्यासारख्याच. आणि सगळं एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर घ्यायचं असेल तर एकदम घेऊ नका. 40 जीबीचं ढगवालं फोल्डर कॉपी करायला लावलं की प्रत्येक फाइल आधी सी ड्राइव्हवर उतरते आणि मग एक्स्टर्नलवर जाते. सी मध्ये 3 जीबी शिल्लक असेल तर कॉपी अर्ध्यात अडकते. दोन-दोन जीबीच्या खेपा करा, आणि प्रत्येक खेपेनंतर कॉपी झालेल्या फाइल्सवर 'फ्री अप स्पेस' दाबून मगच पुढची खेप लावा.