करेक्शन आणि करेक्टिव्ह ॲक्शन: एका फॉर्मचे दोन रकाने

बडोद्याच्या कलाभवनातून (इंजिनिअरिंग कॉलेजातून) पदवी घेऊन तिथल्याच मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत लागलेल्या मुलामुलींच्या हातात एक फॉर्म लवकरच येतो. माल नापास झाला की तो भरायचा. त्यात करेक्शन आणि करेक्टिव्ह ॲक्शन असे दोन रकाने असतात आणि नवखे बहुतेक वेळा दोन्हीकडे तेच वाक्य फिरवून लिहितात. करेक्शन म्हणजे झालेला घोळ निस्तरणं. करेक्टिव्ह ॲक्शन म्हणजे घोळ ज्यामुळे झाला ते कारणच काढून टाकणं. आयएसओ 9001:2015 या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाच्या कलम 10.2 मध्ये दोन्हींची मागणी आहे.

25 मिमीचा शाफ्ट घ्या. ड्रॉइंगवर h7 (लहान एच) ही मापाची मर्यादा आहे, म्हणजे माप 25.000 ते 24.979 च्या आत हवं. मुभा फक्त 21 मायक्रॉनची. ऑपरेटरने जॉब, म्हणजे तयार झालेला तुकडा, मशीनवरून उतरवल्या उतरवल्या मायक्रोमीटर लावला, 24.985 आलं, पास केला. दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्शनला तोच जॉब 24.976 भरला. मोजताना तो गरम होता, एवढंच. पोलाद एका अंशाला मीटरमागे साधारण 11.5 मायक्रॉन फुगतं. जॉब खोलीपेक्षा 30 अंशांनी तापलेला असेल, तर 25 मिमीवर जवळपास 9 मायक्रॉनचा फरक पडतो.

इथे करेक्शन काय? नापास जॉबना लाल टॅग लावून वेगळं ठेवा. त्या शिफ्टचे सगळे जॉब निवल्यावर पुन्हा मोजा, फक्त नापास सापडलेलेच नव्हेत. माल गेला असेल तर ग्राहकाला त्याच दिवशी कळवा. जास्त भरलेला शाफ्ट पुन्हा ग्राइंड करता येतो. कमी भरलेल्यावर ग्राहकाच्या परवानगीने हार्ड क्रोम चढवता येतं, नाहीतर तो भंगारात जातो.

दुसऱ्या रकान्यात सर्रास लिहिलं जातं, ‘ऑपरेटरला समज दिली’. हे उत्तर आम्हाला अजिबात मान्य नाही. उद्या त्या मशीनवर दुसराच माणूस उभा राहिला तर समज कुठे गेली? मराठी घरांत ‘चुकलं, परत नाही होणार’ म्हणायचं वळण असतं. ते चांगलं वळण आहे, साहेबांसमोर जरूर म्हणा. फॉर्मवर मात्र त्याने काही बदलत नाही.

त्याऐवजी दोन प्रश्न वेगवेगळे सोडवा: हे घडलं का, आणि घडलं तेव्हाच पकडलं का गेलं नाही? घडलं, कारण मशीनशेजारी जॉब निववायला जागा नव्हती आणि मोजण्याच्या सूचनेत तापमानाचा शब्दही नव्हता. तिथेच सापडलं नाही, कारण निवल्यावर पुन्हा मोजायचा टप्पाच नव्हता. म्हणून उपायही दोन हवेत. मशीनशेजारी एक जाड लोखंडी पाट ठेवा, जॉब आणि मायक्रोमीटर त्यावर शेजारी-शेजारी ठेवून दोन्हींचं तापमान सारखं झाल्यावरच अंतिम माप घ्या आणि हे कंट्रोल प्लॅनमध्ये, म्हणजे काय कधी कसं तपासायचं त्या तक्त्यात, लिहा. मशीनवर गरम जॉब मोजावाच लागत असेल, तर पाच जॉबचं गरम आणि थंड माप घेऊन फरक काढा आणि ऑपरेटरला गरम मापाची वेगळी मर्यादा द्या.

ऑफिसातही हाच प्रकार. व्हेंडरला जुन्या रिव्हिजनचं ड्रॉइंग गेलं, तर नवं पाठवून जुनं रद्द करायला लावणं हे करेक्शन. शेअर्ड फोल्डरमधून जुनी रिव्हिजन हलवणं, म्हणजे चुकून उचलायला ती तिथे नसेलच, हे करेक्टिव्ह ॲक्शन.

औषध कंपन्यांत ‘कापा’ (करेक्टिव्ह ॲक्शन, प्रिव्हेंटिव्ह ॲक्शन) ऐकाल. त्यातली प्रिव्हेंटिव्ह ॲक्शन ही तिसरी गोष्ट: अजून न घडलेल्या चुकीची तजवीज. आयएसओ 9001 मध्ये 2015 पासून तिचं वेगळं कलम नाही, ती जोखमीच्या विचारात सामावली आहे.

आणि पाट आणला, म्हणून त्याच दिवशी फॉर्म बंद करू नका. पुढच्या तीन लॉटचं निवलेलं माप फॉर्मला जोडा, मग सही घ्या.