‘निकोटिन नाही, मग चालतं’ हे खरं नाही

पानटपरीच्या काचेमागे हायलायटरसारखं दिसणारं, आंब्याच्या वासाचं एक उपकरण, म्हणजे ई-सिगारेट. खोक्यावर ठळक ‘शून्य टक्के निकोटिन’. टपरीवाला छातीठोकपणे सांगतो, “हे कायदेशीर आहे साहेब, बंदी निकोटिनवाल्यावर.” कॉलेजची पोरंही हेच एकमेकांना सांगतात.

हा गैरसमज हवेतून आलेला नाही. 2019 पूर्वी पंजाब, कर्नाटकसारख्या काही राज्यांनी ई-सिगारेटवर आपापली बंदी घातली होती आणि तेव्हा सगळा वाद निकोटिनभोवतीच फिरायचा. ते डोक्यात राहिलं, कायदा मात्र पुढे गेला.

सप्टेंबर 2019 मध्ये केंद्राने वटहुकूम काढला, डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला, आणि तो महाराष्ट्रासह देशभर लागू आहे. त्यातली व्याख्याच पाहा: पदार्थ तापवून ओढण्याजोगा फवारा तयार करणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण, निकोटिन असो वा नसो. ई-हुक्काही त्यात आला, आणि आकार-नाव काहीही असलं तरी सुटका नाही. म्हणजे हायलायटरचा वेश फुकट! उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, जाहिरात, सगळंच बंद, ऑनलाइन विक्रीही. पहिल्या गुन्ह्याला 1 वर्षापर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास 3 वर्षांपर्यंत कैद आणि 5 लाखांपर्यंत दंड. नुसता साठा ठेवला तरी 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 50 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

‘अठरा पूर्ण असेल तर चालतं’ हेही तसंच. ती वयाची अट साध्या सिगारेटची. इथे साठीच्या आजोबांनाही विकता येत नाही.