मदत आधी मागायची की नंतर?

सांगलीत बारावीच्या पालकांत एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय: ‘अमेरिकेच्या कॉलेजला अर्जात पैशांची अडचण सांगू नका, ॲडमिशन झाल्यावर मदत मागा.’

ही भीती अगदीच निराधार नाही. तिथली बरीच कॉलेजं परदेशी मुलं निवडताना ऐपतही बघतात. न बघणारी मोजकीच. पण अर्जात ‘मदत नको’ लिहिलं, की अनेक ठिकाणी पुढे मागताच येत नाही. शिवाय व्हिसासाठी लागणारा आय-२० हा कॉलेजनं द्यायचा फॉर्म पहिल्या वर्षाच्या खर्चाची सोय दाखवल्याशिवाय मिळत नाही. हळद विकून मिळणाऱ्या पट्टीवर घर चालवणाऱ्या बापानं तेव्हा एवढी रक्कम कुठून उभी करायची?

कोणतं कॉलेज काय करतं, याची पडताळणी घरबसल्या होते. कॉलेजच्या वेबसाइटवर परदेशी विद्यार्थ्यांच्या आर्थिक मदतीचं पान वाचा. मग त्यांचा ‘कॉमन डेटा सेट’, म्हणजे कॉलेजनं ठरावीक नमुन्यात दिलेली स्वतःची आकडेवारी, शोधा. त्यातल्या एच६ या क्रमांकाच्या प्रश्नात किती परदेशी मुलांना सरासरी किती डॉलर मिळाले, ते दिलेलं असतं.