पार्श्वभूमी : मुलांच्या अंगावरचा फिकट डाग आणि टी-पेशींचा लिम्फोमा

१८०६ साली पॅरिसच्या सँ-लुई रुग्णालयात झाँ-लुई आलिबेर या त्वचारोगतज्ज्ञाने पन्नाशी ओलांडलेल्या एका रुग्णाचे वर्णन केले. त्याच्या अंगावर अळंबीसारख्या गाठी उगवल्या होत्या. पुढे या आजाराला ‘मायकोसिस फंगॉइड्स’ हे नाव मिळाले. हा त्वचेतला लिम्फोमा, म्हणजे रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींचा (लिम्फोसाइटचा) कर्करोग. बुरशीशी त्याचा काडीचाही संबंध नाही, पण नाव काही सुटले नाही. १८७० मध्ये फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ बाझँ यांनी त्याची चाल सांगितली : आधी चट्टे, मग जाडसर चकत्या, शेवटी गाठी. पाठ्यपुस्तकांतला रुग्ण यातूनच ठरला. उतारवयाचा, गोरा, लालसर चट्ट्यांचा. लहान मूल त्यात कुठे बसणार?

गाठींत साचलेल्या पेशी कोणत्या, हे कळायला विसावे शतक उजाडले. १९३८ मध्ये फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ अल्बेर सेझारी यांना अंगभर लाली आलेल्या रुग्णांच्या रक्तात विचित्र पेशी दिसल्या. १९६८ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या केंद्रकाला मेंदूसारख्या वळ्या आढळल्या. त्या टी-लिम्फोसाइट (टी-पेशी, लिम्फोसाइटचा एक प्रकार) ठरल्या आणि १९७५ च्या सुमारास ‘त्वचेचा टी-पेशी लिम्फोमा’ या छत्राखाली हे सगळे आजार आले. १९८० मध्ये माणसातला पहिला रेट्रोव्हायरस (विषाणूंचा एक गट) याच निदानाच्या रुग्णात सापडला, तेव्हा कारण मिळाले असे अनेकांना वाटले. तो विषाणू निघाला प्रौढांच्या एका वेगळ्या टी-पेशी ल्युकेमियाचा, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचा.

मुलांच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष १९७३. लाल नव्हे, तर आजूबाजूच्या कातडीपेक्षा फिकट चट्टे असलेला मायकोसिस फंगॉइड्सचा प्रकार त्या साली नोंदला गेला. सावळ्या-काळ्या त्वचेत आणि कमी वयात तो जास्त दिसतो. आजार मुलांत दुर्मीळ आहे हे खरेच. पण जी मुले होती, त्यांतली कितीतरी डोळ्यांसमोरून निसटली असणार, कारण सगळे लाली शोधत होते.

आपल्याकडे तर फिकट डागाला उत्तरे आधीच तयार असतात. आजी म्हणते जंत झालेत, शेजारीण म्हणते शिबे, आईच्या मनात कोडाची धास्ती. डॉक्टर कापसाचा बोळा फिरवून डागावर स्पर्श कळतो का ते बघतात, कारण कुष्ठरोग आधी वगळावा लागतो. तो योग्यच क्रम. पण स्पर्श शाबूत, बुरशी नाही, आणि कंबर, नितंब, मांड्या अशा झाकलेल्या जागी डाग महिनोन्महिने तसेच असतील, तर बायोप्सी, म्हणजे त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासणी हवी. सूक्ष्मदर्शकाखाली लिम्फोसाइट वरच्या त्वचेच्या तळाशी रांगेने बसलेले आणि काही वर चढलेले दिसतात. मुलांत हे बहुधा सीडी-८ (टी-पेशींचा एक उपप्रकार) गटाचे असतात. एकाच तुकड्यावर निकाल लागेलच असे नाही. पुन्हा तुकडा घ्यावा लागतो. त्यात मेडिकलमधून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे मलम महिनाभर चोळलेले असले, की खुणाच पुसट होतात. निदानाला वर्षे लागतात ती अशी.

मुलांत याच छत्राखालचे दुसरे आजारही दिसतात. १९६८ मध्ये वर्णन झालेल्या लिम्फोमॅटॉइड पॅप्युलोसिसमध्ये पुटकुळ्या येतात आणि आपोआप जातात. त्वचेखालच्या चरबीत होणाऱ्या एका प्रकारामागे काही रुग्णांत जन्मजात जनुकीय दोष असतो, हे २०१८ मध्ये समोर आले.

फिकट चट्ट्यांचा प्रकार मुलांत बहुतेकदा पहिल्याच टप्प्यावर रेंगाळतो. नॅरोबँड यूव्हीबी (अतिनील किरणांचा एक अरुंद पट्टा) प्रकाशाच्या बैठकांनी डाग भरून येतात, पण उपचार थांबल्यावर परततातही. त्यामुळे तपासण्या शाळकरी वय संपल्यावरही चालू राहतात.