बंब (पाणी तापवण्याचा)

लाकूड, गोवऱ्या किंवा कोळसा जाळून आंघोळीचे पाणी तापवण्याचे तांब्याचे किंवा पितळेचे उभे पात्र. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी ते वापरात होते. नाशिकमध्ये ते घडवणारे तांबट गावातच होते आणि थंडीही चांगलीच पडते, त्यामुळे इथल्या जुन्या घरांत बंब हमखास असे.

नाशिक शहर समुद्रसपाटीपासून ५५० ते ६०० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांखाली उतरणे इथे नवीन नाही. निफाडजवळच्या कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रात तो ५ अंशांच्याही खाली गेल्याची बातमी अनेक हिवाळ्यांत येते. तरी दुपारी ऊन चटकते. युरोपातील थंड देशांत लाकडावर चालणारा बॉयलर पाणी तापवून ते नळ्यांवाटे भिंतीलगतच्या रेडिएटरांत फिरवतो आणि दिवसरात्र खोल्या उबदार ठेवतो. नाशिकची थंडी तेवढी टिकाऊ नाही. सूर्य वर येईपर्यंतचे दोन-तीन तास निभावले की काम झाले. त्यामुळे इथे घर तापवण्याच्या भानगडीत कोणी पडले नाही. कडकडीत पाण्याने आंघोळ, वर स्वेटर आणि चहा, एवढ्यावर भागत आले.

बंबाची रचना साधी पण हुशारीची आहे. बाहेर पाण्याची गोल टाकी आणि तिच्या मधोमध तळापासून वरपर्यंत गेलेले नळकांडे. नळकांड्याच्या तळाशी जाळी, तिच्याखाली राख पडायला जागा, खाली तीन पाय, बाजूला तोटी. जळण वरून नळकांड्यात सोडतात. जाळीखालून हवा येते, धूर वरून निघून जातो. चुलीवरच्या हंड्याला फक्त बुडातून आच लागते आणि बाकीची इकडेतिकडे जाते. बंबात आग पाण्याच्या पोटातच असते. रशियातील सामोवार, म्हणजे चहासाठी पाणी तापवण्याचे पात्र, याच तत्त्वावर चालतो. टाकीचे झाकण सैल असल्याने वाफ कोंडत नाही आणि दाबाने फुटण्याचा धोका राहत नाही.

४० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला विजेच्या हिशेबात पावणेदोन युनिटांहून थोडी जास्त ऊर्जा लागते. कोरड्या लाकडाच्या किलोमागे चार युनिटांच्या आसपास उष्णता मिळते. निम्मी वाया गेली असे धरले, तरी किलोभर लाकडात दोघा-तिघांची आंघोळ होते. लाकूड ओले असेल तर हा हिशेब कोलमडतो, कारण आधी त्यातलेच पाणी उडवावे लागते. शिवाय डोळे चुरचुरतात ते वेगळेच.

जळणाच्या बाबतीत नाशिक जिल्हा नशीबवान. द्राक्षबागांची एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, तेव्हा काड्यांचे ढीग बांधावर येतात. उन्हाळाभर वाळवून, पावसाळ्यात पत्र्याखाली रचून ठेवल्या, की थंडीत हाताशी येतात. या काड्या चटकन पेट घेतात, पण टिकत नाहीत. म्हणून वर बाभळीची ढलपी किंवा गोवरी टाकतात. येवला-मालेगावकडे पऱ्हाट्या आणि तुराट्या, शहरात वखारीतल्या ढलप्या आणि नारळाच्या करवंट्या. ठिबकच्या जुन्या नळ्या आणि प्लॅस्टिक पिशव्यांनी बंब पेटवण्याची खोड मात्र वाईट. त्यांचा धूर विषारी असतो.

१८८३च्या नाशिक जिल्हा गॅझेटिअरमध्येही इथल्या तांब्या-पितळेच्या धंद्याची दखल घेतलेली आहे. जुन्या नाशकात सराफ बाजाराला लागून असलेल्या भांडी बाजारात हा व्यापार अजून चालतो. तांब्याचा पत्रा वाकवून, सांधे झाळून (वितळलेल्या धातूने जोडून) मग लाकडी-लोखंडी हातोड्यांनी मठारतात. मठारल्याने पत्रा ताठर होतो. अंगावर दिसणारे ठोक्यांचे ठसे नुसते शोभेसाठी नसतात.

झाळ हीच बंबाची दुखरी जागा. तांबे हजार अंशांच्याही वर वितळते, पण कथलाची झाळ त्यामानाने फारच कमी तापमानाला सुटते. टाकीत पाणी असेपर्यंत सांधे सुरक्षित असतात, कारण पाणी शंभर अंशांपलीकडे जात नाही. म्हणून ‘आधी पाणी, मग काडी’ हा नियम घरातल्या पोरांनाही पाठ असे. गरम पाणी काढले की तेवढेच गार ओतायचे, हाही त्याचाच भाग. विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्याने आत क्षारांचा थर धरतो आणि पाणी तापायला वेळ लागू लागतो.

नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी बंब चिंचेने घासून लख्ख करायचा, हळदकुंकू लावून झेंडूची माळ घालायची आणि पाणी भरून ठेवायचे, ही रीत अनेक घरांत होती. आंघोळी उरकल्यावर उरलेले निखारे घमेल्यात ओढून बाळंतिणीच्या शेकासाठी नेत, त्यावर ओव्याची धुरी देत. उबेसाठी आग खोलीत आणली जाई ती एवढीच. बंद खोलीत मात्र निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड जीव घेऊ शकतो. त्याला वासही नसतो. न्हाणीघरात बंब पेटवताना खिडकी उघडी ठेवायची ती यासाठीच.

गॅस, विजेचे गीझर आणि गच्चीवरचे सौर हीटर आल्यावर शहरातले बहुतेक बंब माळ्यावर गेले किंवा मोडीत निघाले. काही हॉटेलांच्या दारात कुंड्या होऊन उभे आहेत, ते पाहवत नाही. मळ्यातल्या वस्त्यांवर मात्र पत्र्याचे आणि स्टीलचे बंब रोज पेटतात. भारनियमनात गीझर बसतो, ढगाळ हवेत सौर हीटर. काड्या मात्र बांधावर फुकट असतात. जुना तांब्याचा बंब घेताना तो काठोकाठ भरून रात्रभर ठेवावा आणि सकाळी नळकांड्यात आतून हात फिरवून पाहावा. बोटांना ओल लागली तर झाळ गेली समजावे आणि भाव त्या हिशेबाने पाडून मागावा.